वळीव, वीज आणि पायाळू पोरगं

वैशाखात सकाळपासून अंगाची काहिली होते, दुपारी चारच्या सुमारास ढग भरून येतात आणि तासाभरात पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. गारव्याने जीव सुखावतो खरा, पण वळवाच्या ढगांत विजांचा जोर मोठा असतो.

दवाखान्यात आजही आयाबाया विचारतात, "डॉक्टर, पोरगं पायाळू आहे, आभाळ आलं की शेतावर पाठवू का?" पायाळू असो वा नसो, पाठवू नका! जन्मताना आधी पाय आले की डोके, हे विजेला कळत नाही. तिला मोकळ्या रानातला उंचवटा सापडतो. म्हणून तर एकट्या आंब्याखाली आडोसा घेणारे दगावतात. गडगडाट कानावर येताच पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

वीज पडलेल्या माणसाला शिवायला लोक भितात. त्याच्या अंगात करंट उरत नाही, बेलाशक हात लावा. शुद्ध नसेल आणि श्वास थांबला असेल तर कांदा हुंगवत बसू नका. कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा आणि तळहातावर तळहात ठेवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. एकाच वेळी अनेकजण पडले असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी धावा. कण्हणारा बहुधा वाचतो.