डुकराच्या अंगावर शंकरपाळे

पांढऱ्या डुकराच्या पाठीवर आणि कुशीवर लालजांभळे तिरके चौकोन उठलेले. कडा रेखीव, मधला भाग किंचित फुगलेला, हात फिरवला तर गरम लागणारा. दिवाळीच्या पाटावर कापून ठेवलेले शंकरपाळेच! ‘स्वाइन एरिसिपेलस’ या रोगाची ही खूण. भूमितीची इतकी हौस असलेला रोग शोधून सापडायचा नाही.

हा चौकोन येतो कुठून? जंतू रक्तात उतरला, की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतो. वाहिनी सुजते, आत गुठळी धरते आणि तिच्या वाट्याला आलेला कातडीचा तेवढाच तुकडा लाल होतो. फिकट गुलाबी चौकोन आठवड्याभरात मावळतात. गडद जांभळे दिसले, तर मात्र मालकाने घाबरावं. आणि सगळ्यात वाईट डाव तो, ज्यात चौकोन उठायच्या आधीच डुक्कर मरतं. रात्री चांगलं खाल्लेलं, सकाळी आडवं.

आपल्याकडच्या बऱ्याच देशी जातींची पंचाईत वेगळीच. गोव्याची ‘आगोंदा गोवन’ किंवा बंगालची ‘घुंगरू’ ही डुकरं काळी. काळ्यावर जांभळं दिसणार कसं? म्हणून तिथे डोळ्यांपेक्षा तळहात भरवशाचा: अंगावरून हात फिरवायचा आणि उंचवटे चाचपायचे.

गुन्हेगार

नाव भारदस्त: एरिसिपेलोथ्रिक्स ऱ्हुसिओपॅथिए. एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. अंगाने मात्र काटकुळा, बारीक काडीसारखा जंतू. ठणठणीत दिसणाऱ्या कितीतरी डुकरांच्या टॉन्सिलमध्ये तो मुकाट बसून असतो. उन्हाळा तापला, खाणं बदललं, प्रवास घडला, की डोकं वर काढतो. ताप ४१-४२ अंश सेल्सिअसवर. डुक्कर पडून राहतं, उठवलं तर किंचाळतं आणि सांधे दुखत असल्याने टाचा न टेकता चवड्यांवर चालतं. गाभण मादी गाभडते. जे वाचतं, त्याला कधी कायमचा संधिवात जडतो, कधी हृदयाच्या झडपांवर खडबडीत गाठी येतात.

अगदी लहान पिलं सहसा सुटतात, कारण आईच्या चिकातून आलेलं संरक्षण काही आठवडे पुरतं. तीन महिने ते तीन वर्षं, हे धोक्याचं वय.

मीठ लावा, धूर द्या, खारवा; मांसातला हा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो. आचेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. ५५ अंशांच्या ओल्या उष्णतेत पंधरा मिनिटांत खलास. म्हणजे डुकराच्या मांसाच्या नीट शिजलेल्या सोरपोतेलने घाबरायचं कारण नाही. भीती ताटातली नव्हे, कापणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतली.

शोधाची उलटापालट

१८७८ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी सडक्या रक्ताची सुई टोचून मारलेल्या उंदरांत हा जंतू पाहिला. डुकराचा विषयच नव्हता! पुढे १८८२ मध्ये लुई पाश्चर यांचा तरुण सहकारी लुई थ्युइलिए फ्रान्समध्ये डुकरांच्या साथीमागे लागला आणि मेलेल्या डुकरांत त्याला जंतू दिसला. फ्रेंच शेतकरी या रोगाला ‘रूजे’ म्हणत. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाश्चर स्वतः दक्षिणेकडच्या बोलेन गावात मुक्कामाला आले, आणि मग त्यांनी जो खेळ मांडला तो मला तरी या साऱ्या गोष्टीतला सर्वात झकास भाग वाटतो.

जंतू कबुतराला टोचला. कबूतर मेलं. त्याच्यातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला. प्रत्येक फेरीत जंतू जहाल होत गेला, आणि पुन्हा डुकराला टोचल्यावर आधीपेक्षा जास्त मारक ठरला. मग तोच प्रयोग सशांवर. ससे पटापट मरू लागले, म्हणजे जंतू सशांसाठी मुरब्बी झाला. पण डुकरांच्या बाबतीत त्याचे दातच पडले! डुक्कर थोडं आजारी पडे, बरं होई आणि पुढच्या खऱ्या हल्ल्याला पुरून उरे. लस तयार. पाश्चर आणि थ्युइलिए यांचा निबंध १८८३ मध्ये आला. एका यजमानात तालीम करून दुसऱ्यासाठी जंतू निष्प्रभ करण्याची ही युक्ती पुढे रेबीजच्या कामातही उपयोगी पडली.

त्याच वर्षी थ्युइलिए कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेला आणि सप्टेंबरात कॉलऱ्यानेच दगावला. वय अवघं सत्तावीस. कॉख यांची जर्मन तुकडी त्याच शहरात त्याच कामावर होती. पाश्चर आणि कॉख यांच्यातून विस्तव जात नव्हता, पण कॉख या तरुण प्रतिस्पर्ध्याच्या अंत्ययात्रेत सामील झाले. तिथून पुढे ते गेले कलकत्त्याला, आणि कॉलऱ्याचा जंतू त्यांनी तिथे पक्का केला.

आता माणसाची पाळी

खाटीक, पशुवैद्य, वराहपालक, कत्तलखान्यातले कामगार, मासे साफ करणारे. बोटाला हाडाचा तुकडा किंवा माशाचा काटा लागतो. एवढंसं तर टोचलं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. दोन ते सात दिवसांनी बोट जांभळट लाल होतं, ठणकतं, जळजळतं, खाजतं. डाग कडेकडेने पसरतो आणि मधून निवळत जातो. दुखणं डागाच्या मानाने फारच जास्त. पू मात्र थेंबभर नाही, आणि डॉक्टर चकतात ते इथेच. वरवर पुसून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाही. तो खोल बसलेला असतो, म्हणून कडेची कातडी खोलवर कापून तपासावी लागते. त्यापेक्षा स्वस्त तपासणी एकच: ‘काम काय करता?’ हा प्रश्न.

या आजाराला एरिसिपेलॉइड म्हणतात. बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. क्वचित जंतू रक्तात जातो आणि हृदयाची झडप कुरतडतो. तेव्हा खरी गोची. रक्तात अशा धाटणीचा अनोळखी जंतू दिसला, की रुग्णालयात भरवशाचं म्हणून व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुरू करतात, आणि या पठ्ठ्याला व्हॅन्कोमायसिन जन्मजात लागूच पडत नाही! लागू पडतं ते जुनंपुराणं, स्वस्तातलं पेनिसिलिन. डुकरालाही तेच. वेळेत टोचलं, तर दीड दिवसात ते पुन्हा गव्हाणीत तोंड घालतं.

फक्त डुकराचा? छे!

माशांच्या अंगावरच्या बुळबुळीतही हा जंतू आरामात राहतो, आणि बहुधा माशाला काहीच करत नाही. म्हणून मासेमारांत आणि मासे कापणाऱ्यांत हा जुना ओळखीचा आजार. व्हेलच्या शिकारीच्या काळात तर ‘व्हेल फिंगर’ असं खास नावच पडलं होतं. टर्की कोंबड्यांचे कळप तो झोपवतो. मेंढ्यांच्या कोकरांचे सांधे धरतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत कॅनडाच्या आर्क्टिक भागात, बँक्स आणि व्हिक्टोरिया बेटांवर, मस्कऑक्स हे केसाळ प्राणी मोठ्या संख्येने मेले, आणि मेलेल्यांत हाच जंतू मिळाला. बर्फात! डॉल्फिनच्या कातडीवरही हुबेहूब तिरके चौकोन उठतात. काही सागरी प्राणिसंग्रहालयांत डॉल्फिनना याची लस देतात.

डुकरांसाठी तर लस पिण्याच्या पाण्यातून पाजायचीही सोय आहे. माणसासाठी लस नाही. आणि एकदा होऊन गेला म्हणून सुटका झाली, असंही नाही: या आजाराने माणसाला टिकाऊ प्रतिकारशक्ती मिळत नाही, त्यामुळे त्याच खाटकाच्या त्याच बोटाला तो पुन्हा होऊ शकतो.