मार्द्वीक, द्राक्षारिष्ट आणि नाशिकची वाइन : एक अनुपान-विचार

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या चिकित्सालयात नेहमी येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आले. वय साठीच्या पुढे, मधुमेह जुना, ग्लिमेपिराइडची गोळी रोज चालू. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून मेजावर ठेवली. मुलगा नाशिकला जाऊन आला होता, त्याने ती वाइन आणली होती. "वैद्यबुवा, हे आपले द्राक्षासवच ना? रात्री जेवणाबरोबर पेलाभर घ्यावे, हृदयाला चांगले, असे चिरंजीव म्हणतात. शिवाय आपल्या ग्रंथांतही लिहिले आहे म्हणे."

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना आम्ही क्षणभर अडखळलो. कारण ग्रंथात लिहिले आहे, हे खरेच आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मार्द्वीक म्हणजे द्राक्षांपासून केलेले मद्य हे लेखन, हृद्य, अति उष्ण नसलेले, मधुर व सर असे वर्णिले असून पांडू, मेह, अर्श व कृमी यांवर त्याचा उपयोग नोंदविला आहे. सुश्रुताने तर ते विदाह करीत नाही व मधुररसाचे आहे, एवढ्यासाठी रक्तपित्तातही त्याचा निषेध केलेला नाही. चिरंजीवांनी ग्रंथ वाचला नसेल, पण ऐकीव माहिती अगदीच निराधार नव्हती.

हाच प्रश्न आपल्या औषधविक्रेत्या बंधूंनाही दुकानात वारंवार विचारला जातो. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घरोघरी पोहोचले. निर्णयाला विरोध झाला, पण वाक्य मागे राहिले. म्हणून या विषयाचा शास्त्रदृष्ट्या विचार करावा, असे आम्हांस वाटले.

वाइनची यादी आणि आपले ताट

उदाहरणादाखल नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला या वाइनरीची यादी घेऊ. राजीव सामंत यांनी उभारलेल्या या वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर नाशिकची ओळख बेदाण्याच्या व खाण्याच्या द्राक्षांपुरती राहिली नाही. वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि साखर अधिक. हा तपशील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा, कारण साल व बिया यांतूनच कषाय रस वाइनमध्ये उतरतो.

यादीतील सोव्हिन्यॉं ब्लां ही पांढरी वाइन अम्लप्रधान असते. तिच्यात लिंबाचा व हिरव्या ढोबळी मिरचीसारखा गंध जाणवतो. माशाच्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो, तेच काम ती करते, म्हणून तळलेल्या सुरमईबरोबर ती जुळते. शेनिन ब्लांमध्ये किंचित गोडवा ठेवलेला असतो. मधुर रस तिखटाची धार बोथट करतो, म्हणून मसालेदार पदार्थांबरोबर तिची निवड होते. झिनफँडेल रोझे ही गुलाबी वाइन आहे. काळ्या द्राक्षांची साल रसात थोडाच वेळ राहू दिल्याने रंग आणि कषायत्व दोन्ही बेताचे उतरतात. पनीर टिक्का किंवा कबाब यांबरोबर ती दिली जाते.

ब्रूट ही फसफसणारी वाइन. तिचे दुसरे किण्वन बाटलीतच होते व त्यातून वायू निर्माण होतो. अम्लता आणि बुडबुडे तोंडातील तेलकटपणा धुऊन काढतात, म्हणून बटाटेवडा वा कांदाभजी यांसारख्या तळलेल्या पदार्थांबरोबर ती शोभते. शिराझ आणि कॅबरने या काळ्या द्राक्षांच्या लाल वाइन कषायप्रधान असतात. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ तर ओकच्या पिंपात मुरवलेली असते. मांसातील प्रथिने या कषाय द्रव्यांना बांधून घेतात आणि वाइनचा तुरटपणा कमी होतो, म्हणून लाल वाइन मटणाबरोबर. मात्र झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर हीच वाइन घेतली, तर तिखट, मद्याची उष्णता आणि तुरटपणा एकत्र येऊन जिभेची आग वाढते. शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां. यासाठी द्राक्षे वेलीवर अधिक दिवस ठेवून अतिपक्व होऊ देतात. ही वाइन गोड असते व जेवणानंतर मिष्टान्नासोबत घेतात. नियम असा की वाइन पक्वान्नापेक्षा गोड असावी, अन्यथा ती आंबट लागते.

हा नियम आपल्याला नवा नाही

वरील जोड्या पाहिल्या असता सुज्ञ वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. तेलकटाला अम्ल, तिखटाला मधुर, मांसाच्या स्निग्धतेला कषाय. चरकाने सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अनुपानाचा जो सिद्धांत सांगितला, तो हाच : पेय अन्नाच्या गुणांच्या विपरीत असावे. वाग्भटानेही मांसाहार केला असता व अग्नी मंद असता मद्य हे अनुपान सांगितले आहे. म्हणजे मटणाबरोबर लाल वाइन हा पाश्चात्त्यांचा शोध म्हणून भारावून जाण्याचे कारण नाही.

परंतु चरकाचा सिद्धांत तेवढ्यावर संपत नाही. अन्नाच्या विपरीत असणारे ते पेय धातूंना विरोधी नसावे, असा त्याचा उत्तरार्ध आहे. वाइनरीची यादी पूर्वार्ध पाळते. उत्तरार्ध पाळणे तिचे काम नाही, ते आपले आहे. ताटात काय आहे, एवढे यादी विचारते. ताटावर कोण बसले आहे, हे वैद्याने विचारावयाचे असते.

मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुकारी, रूक्ष, विकाशी व विशद हे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत, असे चरकाने मदात्ययचिकित्सेत सांगितले, ते याच कारणाने. पांढरी वाइन आठ-दहा अंशांपर्यंत थंड करून देतात. त्यामुळे स्पर्श शीत होतो, वीर्य शीत होत नाही. अम्लपित्ताचा रुग्ण 'ती तर थंड असते' म्हणून सोव्हिन्यॉं ब्लां घेतो आणि पहाटे छातीत जळजळ घेऊन उठतो, याचे इंगित येथे आहे.

विरुद्धाहाराचाही विचार हवा. सुरा, खिचडी व खीर एकत्र सेवन करू नयेत, असा स्पष्ट निषेध सुश्रुत व वाग्भट दोघांनी केला आहे, तसेच सर्व अम्ल पदार्थ दुधाबरोबर विरुद्ध मानले आहेत. तेव्हा खिरीबरोबर गोड वाइन किंवा सायीच्या दाट रश्श्याबरोबर अम्ल पांढरी वाइन या जोड्या जिभेला कितीही रुचल्या, तरी वैद्याने त्यांस मान्यता देऊ नये. ऋतूचेही तेच. हेमंतात मद्याला स्थान देणारे चरकाचार्य ग्रीष्मात मात्र ते अत्यल्प, पुष्कळ पाणी घालून किंवा मुळीच नको असे सांगतात. थंड वाइनचे आकर्षण नेमके उन्हाळ्यात वाढते, हे येथे ध्यानी घ्यावे.

द्राक्षारिष्ट म्हणजे वाइन नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शार्ङ्गधराने आसव, अरिष्ट व सीधू यांत भेद केला आहे. न उकळलेल्या मधुर रसापासून होणारा तो शीतरस सीधू. आधुनिक वाइन ताज्या द्राक्षरसाचे किण्वन करून तयार होते, म्हणून व्याख्येने ती सीधूच्या जवळ जाते. द्राक्षारिष्टात मनुकांचा काढा, गूळ आणि दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगू, मिरी, पिंपळी, वावडिंग ही प्रक्षेपद्रव्ये असतात. कास, श्वास, उरःक्षत यांवर ते सांगितले आहे. येथे मद्यांश हा औषधी गुण शरीरात पोहोचविणारे वाहन आहे. वाइनमध्ये मद्य हेच प्रयोजन आहे.

मात्रेचा फरक अंकांत मांडला की रुग्णाला चटकन पटतो. १५० मिलिलिटरच्या पेल्यात साडेबारा टक्के मद्यांश धरला, तर सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. द्राक्षारिष्टाच्या २० मिलिलिटरच्या मात्रेत आठ टक्के धरले, तर सव्वा ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक पेला हा द्राक्षारिष्टाच्या सुमारे बारा मात्रांएवढा झाला. हृदयाला लाभ होतो, या समजुतीला १९९०च्या दशकात फ्रान्समधील निरीक्षणांवरून बळ मिळाले. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, अशी भूमिका स्पष्ट केली आहे. कर्करोगाच्या निश्चित कारणांत तर मद्याची गणना १९८८ पासूनच आहे.

आमच्या हातून घडलेली चूक

'आमचे आसव म्हणजे मद्य नव्हे' हे वाक्य मात्र जपून वापरावे. ते आम्ही एका प्रसंगाने शिकलो. काही वर्षांपूर्वी खोकला व अशक्तपणा घेऊन आलेल्या एका तरुण शेतकऱ्याला आम्ही द्राक्षारिष्ट चार चमचे, जेवणानंतर दोन वेळा, असे लिहून दिले. पहिल्याच मात्रेनंतर अर्ध्या तासात त्याचा चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि रक्तदाब उतरला. रुग्णालयात हलवावे लागले. तेथे त्याच्या पत्नीने सांगितले, की दारू सोडविण्याची गोळी चालू होती. ती डायसल्फिरामची होती. गोळी थांबविल्यावरही सुमारे दोन आठवडे तिचा प्रभाव राहतो आणि तेवढ्या काळात औषधातील अल्प मद्यांशही पुरेसा होतो. रुग्ण बरा झाला. पण ज्या घरात दारू सुटावी म्हणून धडपड चालली होती, तेथे मद्यांश आम्ही स्वहस्ते पोहोचविला होता. आम्ही विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

तेव्हापासून कोणतेही आसव-अरिष्ट देण्यापूर्वी आम्ही चार गोष्टी विचारतो. औषधविक्रेत्यांनीही त्या विचाराव्यात, अशी नम्र सूचना आहे. दारू सोडविण्याची गोळी चालू आहे का, किंवा महिन्याभरात होती का? मेट्रोनिडाझोलसारखे औषध किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? यकृताचा विकार सांगितला आहे का? गर्भारपण आहे का? उत्तर होकारार्थी असल्यास चूर्ण, वटी किंवा काढा या पर्यायांचा विचार वैद्याने करावा. जो ग्राहक दर दोन-तीन दिवसांनी द्राक्षासवाची बाटली मागतो, त्याला ती निमूटपणे देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. वाइनबद्दल विचारणाऱ्या दमेकऱ्याला तीत परिरक्षक म्हणून सल्फाइट असते व त्याने दमा उसळू शकतो, हे अवश्य सांगावे.

शिक्षकमहाशयांना आम्ही इतकेच सांगितले : "गुरुजी, हे द्राक्षासव नव्हे आणि औषध तर मुळीच नव्हे. तुमची गोळी साखर उतरवते आणि मद्य यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रात्री जेवण कमी झाले आणि हे घेतले, तर झोपेतच साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाईल. वाग्भटाने मेहावर मार्द्वीक सांगितले, तेव्हा ही गोळी त्याच्यासमोर नव्हती."

गुरुजींनी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. म्हणाले, "बरे झाले विचारले. चिरंजीवांना परत देतो." दाराशी थबकून त्यांनी आणखी विचारले, "आणि तुमचे ते द्राक्षारिष्ट? मागच्या खोकल्याचे अर्धे उरले आहे."

त्या बाटलीवरील तारीख आम्ही त्यांना वाचून दाखवावयास सांगितली आणि चारही प्रश्न त्यांनाही विचारले. इत्यलम्.