आडवा वारा आणि खोल रिम: हँडल नेमकं कोण वळवतं?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडतोय.

प्रश्न एका श्रोता ताईंचा आहे. त्यांचं वजन ५२ किलो, पुण्याहून साताऱ्याकडे नियमित राइड, आणि मनात ५० मिमी खोलीची कार्बन चाकं घ्यायचं आहे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात 'घे, उडशील', बाकीचे निम्मेही म्हणतात 'घे, उडशील'! दोघांचा अर्थ मात्र वेगळा. विनोद बाजूला ठेवला तरी यात जीव आणि पैसा दोन्ही गुंतलेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे उत्तर द्यायच्या आधी थोडं गणित करणं आलंच.

सायकलला लागणारा वारा

तुम्ही ताशी ३० किमीने चाललाय आणि बरोबर बाजूने ताशी १० किमीचा वारा आहे. चाकाला जो वारा जाणवतो तो या दोघांची बेरीज असतो, म्हणजे समोरून पण थोडा तिरका. तो किती तिरका, त्या कोनाला यॉ म्हणतात. इथे तो साधारण १८ अंश येतो. त्याच वाऱ्यात एखादा प्रो रायडर ताशी ४५ ने गेला, तर त्याचा कोन साडेबारा अंशच.

हे महत्त्वाचं का? खोल रिमचा फायदा साधारण ५ ते १५ अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात चांगला मिळतो. तिथे रिम होडीच्या शिडासारखी काम करते आणि हवेचा अडथळा कमी होतो. कोन आणखी वाढला की हवा रिमच्या पृष्ठभागावरून सुटते. याला स्टॉल म्हणतात, विमानाच्या पंखाचं होतं तेच. कंपन्यांच्या चाचण्या बऱ्याचदा ताशी ४५-५० किमीच्या हिशोबाने होतात. आपण ३० ने चालणारी माणसं त्याच वाऱ्यात स्टॉलच्या जास्त जवळ असतो. माहितीपत्रक वाचताना हे डोक्यात ठेवा.

पुढचं चाकच का छळतं?

बाजूचा वारा सगळ्यात जास्त ढकलतो तो तुमच्या शरीराला. पण तो ढकलणं सावकाश असतं, आपण नकळत वाऱ्याकडे झुकतो आणि काम भागतं. मागचं चाक फ्रेमला पक्कं बसलंय, ते स्वतंत्रपणे वळू शकत नाही. पुढचं चाक वळतं, आणि गोम तिथेच आहे.

फोर्क पुढे थोडा वाकलेला असल्यामुळे पुढच्या चाकाचा मध्य हँडलच्या वळण्याच्या अक्षापेक्षा काही सेंटिमीटर पुढे असतो. त्यात वारा रिमला चिकटून वाहत असताना त्याचा जोर मुख्यतः चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर येतो. म्हणजे वारा अक्षाच्या पुढे हात ठेवून दार लोटावं तसं हँडल लोटतो. उजवीकडून वारा आला की हँडल डावीकडे. स्टॉल झाला की जोराची जागा एकदम मागे सरकते, लोटणं अचानक कमी होतं, हवा परत चिकटली की पुन्हा वाढतं. हातात जे फडफडणं जाणवतं ते हे. सतत वाहणाऱ्या वाऱ्याची सवय होते. झोतांची होत नाही.

क्षेत्रफळाचा हिशोबही बघा. ३० मिमी रिमच्या तुलनेत ५० मिमीची बाजू साधारण १.६ पट भरते, ८० मिमीची जवळपास अडीच पट. वारा तोच, माणूस हलका असेल तर सावरायला वजन मात्र कमी.

आकार बदलला, म्हणून सगळं बदललं

जुन्या खोल रिमा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकदार होत्या. चाकाच्या पुढच्या भागात टायर वाऱ्याला आधी भेटतो, पण मागच्या भागात रिमची आतली, स्पोकची कड आधी भेटते. ती टोकदार असेल तर हवा तिथे लगेच सुटते. म्हणून रिमा रुंद आणि आतून गोलसर झाल्या. झिपची फायरक्रेस्ट मालिका २०१० मध्ये आली ती याच विचाराने. हवा मागच्या भागातही चिकटून राहिली, त्यामुळे जोराचा मध्य वळणाच्या अक्षाकडे सरकला. एन्व्हने पुढच्या आणि मागच्या रिमची खोली आणि आकारच वेगळे ठेवले.

त्यामुळे फक्त 'किती मिमी?' विचारून भागत नाही. जुनी टोकदार ५० आणि आजची रुंद ५० ही दोन वेगळी चाकं आहेत.

टायरचंही तसंच. एक ठोकताळा आहे: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीपेक्षा निदान ५ टक्के जास्त हवी. आपल्या रस्त्यांवर २८ मिमी टायर लागतोच, म्हणजे रिम साडेएकोणतीस मिमीच्या आसपास हवी. २५ मिमी रुंद स्वस्त रिमवर २८ चा टायर चढवला तर खोलीचे पैसे दिले, फायदा निम्मा सांडला, आणि स्टॉल लवकर पदरात पडला.

साताऱ्याचा रस्ता

आता आपला हायवे. पुण्याहून साताऱ्याला जाताना तोंड दक्षिणेला, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे तुमच्या उजवीकडून. ट्रकही उजवीकडूनच ओलांडतात. तुम्ही वाऱ्याशी झुंजत उजवीकडे झुकलेले असता, ट्रक येतो, वारा क्षणात बंद होतो, आणि सायकल ट्रककडे ओढली जाते. ट्रक गेला की वारा परत येऊन डावीकडे फेकतो. परतीच्या वाटेवर हा प्रकार पुष्कळ कमी, कारण वारा डावीकडून असतो. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर सांगायलाच नको. तिथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत!

काय करायचं?

ट्रकचा आवाज आला की हात ड्रॉप्सवर, कोपर सैल, पकड हलकी. घट्ट धरलं की शरीराला बसणारा प्रत्येक धक्का हँडलपर्यंत पोचतो. पॅडल मारत राहा. डावीकडे निदान एक मीटर डांबर मोकळं ठेवा, फेकलं गेलात तर जागा हवी.

उतारावर वेग कमी ठेवा. 'वेगात चाक स्थिर राहतं' हे अर्धसत्य आहे. वेग वाढला की कोन कमी होतो खरा, पण बाजूचा जोर वाढतोच. ताशी २० किमीच्या आडव्या वाऱ्यात ३० वरून ६० वर गेलात, तर हवा रिमला चिकटलेली धरून तो साधारण पावणेदोन पट होतो.

हवामानाच्या ॲपमध्ये सरासरी वारा नाही, झोतांचा आकडा बघा. तो १० मीटर उंचीचा असतो, जमिनीलगत वारा कमी असतो. पण पुलावर आणि कड्याच्या धारेवर हा दिलासा धरू नका.

मग घ्यायची की नाही?

जगातले मोठे रायडरसुद्धा टाइम ट्रायलला मागे पूर्ण डिस्क लावून पुढे कमी खोल चाक ठेवतात. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत तर वाऱ्यामुळे वर्षानुवर्षं मागच्या डिस्कलाही परवानगी नव्हती. खोली हवी असेल तर ती मागे घ्या, पुढे जपून.

म्हणून ताईंना माझं उत्तर: मागे ५०, पुढे ३५ ते ४०, रुंद आणि गोलसर आकाराची. दुकानदार जोडी फोडत नसेल तर दोन्ही ४० घ्या. आणि घेण्याआधी कुणाची तरी चाकं मागून एका वाऱ्याच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर तासभर चालवा. त्या तासात तुमचं लक्ष रस्त्यावर राहिलं तर चाक तुमचं. सगळा वेळ हँडलवरच गेला, तर वाचलेल्या चार-दोन वॅटसाठी तो सौदा महाग आहे.

प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ.