पाडा नगरात आला. जात कोठे गेली?

ठाणे जिल्ह्याच्या भूगोलात 'पाडा' या शब्दाला एक निश्चित सामाजिक अर्थ आहे. मुख्य गावापासून काहीशी अलग, बहुधा एकाच जमातीची किंवा एकाच भावकीची वस्ती म्हणजे पाडा. कोण कोठे राहतो यावरून तो कोण आहे हे कळावे, अशी ही रचना होती. बदलापूरच्या पश्चिमेकडील हेंद्रेपाडा हे नाव आजही व्यवहारात आहे. पण ते आता टपालाच्या पत्त्यावर आणि गृहनिर्माण संस्थांच्या पाट्यांवर आढळते. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली एक लाखाच्या थोडी आत होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ झालेल्या या नगरात मुंबईच्या चाळीतून आलेला कारकून, कोकणातून आलेला शिक्षक, मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेला पदवीधर आणि मूळचा शेतकरी हे एकाच जिन्याने चढू-उतरू लागले आहेत.

अशा नगरात जुन्या ओळखी विरघळून जातील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. खेड्याची चौकट हीच जातीची चौकट आहे, तेव्हा खेडे सुटले की जात सुटेल, असे मानणारा विचार महाराष्ट्रात बलवान होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्यामागे खेड्यातील दलिताचा प्रत्यक्ष अनुभव होता. शहराने काही दिले नाही असे कोणी म्हणणार नाही. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहणारा प्रवासी शेजाऱ्याची जात विचारत नाही. विचारण्यास त्याला जागाही नसते. प्रश्न पुढचा आहे. गाडीतून उतरल्यावर, घर भाड्याने घेताना, नोकरीसाठी अर्ज करताना आणि मुलीचे लग्न ठरवताना काय घडते? गेल्या वीस वर्षांतील समाजशास्त्रीय संशोधनाने नेमक्या याच जागा तपासल्या आहेत आणि त्यांची उत्तरे सुखद नाहीत.

नावापुरता फरक

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने मूलगामी ठरले. वृत्तपत्रांतील जाहिरातींना उत्तर म्हणून खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडण्यात आले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक केवळ नावाचा. एका अर्जावरील नाव उच्चवर्णीय हिंदूचे, दुसऱ्यावरील दलिताचे, तिसऱ्यावरील मुसलमानाचे. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक-तृतीयांश इतकीच भरली. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. आपण केवळ गुणवत्ता पाहतो, अशी त्याची प्रामाणिक समजूतही असू शकेल. परंतु आडनावाने आपले काम त्याच्या नकळत केलेले असते.

घरांच्या बाबतीतही हेच दिसले. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या नगरांत भाड्याच्या घरांची अशीच पाहणी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दलित इच्छुकांपैकी सुमारे अठरा टक्क्यांना, तर मुस्लिम इच्छुकांपैकी सुमारे एकतीस टक्क्यांना सरळ नकार मिळाला. याशिवाय अनेकांना होकार मिळाला तो वाढीव भाड्याच्या किंवा जाचक अटींच्या स्वरूपात. ही पाहणी दिल्लीची आहे, असे म्हणून मुंबई परिसराने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतील प्रभागवार आकडे घेऊन देशातील सात महानगरांची तपासणी केली. मुंबईसह या सातही शहरांत लोक आर्थिक स्तरानुसार जितके वेगळे राहतात, त्याहून जातीनुसार अधिक वेगळे राहतात, असे त्यांना २०१२ साली दाखवून देता आले. म्हणजे खेड्यातील आळी शहरात आली. तिची वेस तेवढी दिसेनाशी झाली.

या अलगपणाचा परिणाम मानापमानापुरता मर्यादित नाही. सॅम अॅशर, पॉल नोव्होसाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील सुमारे पंधरा लाख लहान वस्त्यांचे जे विश्लेषण अलीकडे केले, त्यावरून एकाच शहरातही दलितांची वा मुस्लिमांची संख्या जेथे अधिक, तेथे शाळा, दवाखाने यांसारख्या सार्वजनिक सोयी कमी, असे चित्र पुढे आले आहे. शहराची सरासरी समाधानकारक दिसते, जिल्ह्याचा आकडा तर त्याहून चांगला; विषमता दडलेली असते ती वस्तीच्या पातळीवर. पाड्याच्या पातळीवर, असेही म्हणता येईल.

विवाहाचे क्षेत्र तर सर्वांत बंदिस्त. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे सूत्र डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडले होते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २०११-१२ मध्ये झालेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले. त्याच सर्वेक्षणात सत्तावीस टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळली जाते, अशी कबुली दिली. कबुली न देणाऱ्यांची गणती यात नाही.

ज्यांना जात 'नसते'

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. आमच्या संस्थेत, आमच्या कार्यालयात कोणी जात मानत नाही, असे मध्यमवर्गीय सुशिक्षित मनापासून सांगतो. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ साली या भूमिकेची चिकित्सा केली आहे. ज्याला जातीमुळे मिळालेले लाभ पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणात, घरात आणि ओळखीपाळखीत रूपांतरित झाले, त्याला पुढे जातीचे नाव घेण्याची गरज उरत नाही. तो 'सर्वसाधारण' होतो. उलट ज्याला हक्कासाठी प्रमाणपत्र दाखवावे लागते, त्याच्याच कपाळी जात कायमची चिकटते. परिणामी जात ही केवळ खालच्यांची बाब आहे, असा विलक्षण समज रूढ होतो. 'तुमचे मूळ गाव कोणते?' आणि 'पूर्ण नाव काय?' हे शेजाऱ्याचे दोन प्रश्न वरवर निरुपद्रवी असतात. ज्याला त्यांचे उत्तर देताना क्षणभर थांबावे लागते, त्यालाच त्यांचे वजन कळते.

विषमता एका जातीपुरती वा धर्मापुरतीही नाही. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर आहे. जाण्या-येण्यात तीन तास सहज मोडतात. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच सुमारे चौथाई. नोकरदार स्त्रीचा वाटा या सरासरीहून कमी धरला, तरी प्रवास, कार्यालयातील आठ तास आणि स्वयंपाकघर यांची बेरीज केल्यास तिच्या वाट्याला झोपेपलीकडे फारसे काही उरत नाही. एकाच घरातील, एकाच जातीच्या, एकाच वेतनश्रेणीतील दोन माणसांच्या दिवसांत एवढे अंतर असू शकते. ही मोजणी कोणी केली नसती तर ते स्वाभाविक म्हणूनच खपले असते.

आणि ज्यांच्या जमिनीवर ही नगरे उभी राहिली, त्यांचे काय? बदलापूरला लागूनच असलेल्या रायगड जिल्ह्यातील कातकरी वाड्यांचा अभ्यास डॅनिएल बकल्स व राजीव खेडकर यांनी केला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर झोपड्या उभ्या आहेत ती जागाच कातकऱ्यांच्या नावावर नाही. जमिनीला भाव आला की त्यांच्यावर उठण्याची पाळी येते, ही त्या अभ्यासातील कहाणी मुंबईच्या सावलीत वाढणाऱ्या सर्वच नगरांनी कान देऊन ऐकावी अशी आहे. सदनिका घेणाऱ्याचे स्वप्न खोटे नसते. मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव कधी चढलेच नाही, त्याच्या विस्थापनाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

बदलापूरचा वसा

अशी नोंद करण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही, आणि बदलापूरला तर मुळीच नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहून मराठी खेड्याचे अंतरंग उलगडले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच विभागातील गो. स. घुर्ये यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९३२ साली आला. आणि १९३३ साली, न्यायखात्यातून निवृत्त होऊन बदलापुरात राहिलेल्या नारायण गोविंद चापेकरांनी 'आमचा गाव बदलापूर' हा ग्रंथ सिद्ध केला. पुढील वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या विद्वानाला आपल्या दाराबाहेरचे गाव हा अभ्यासाचा विषय वाटावा, यात त्यांच्या दृष्टीचे मोठेपण आहे.

योगायोग असा की, सर्व जातींची संपूर्ण गणना इंग्रजी अमदानीत अखेरची झाली ती १९३१ साली, चापेकरांच्या ग्रंथाच्या दोनच वर्षे आधी. आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली. या निर्णयाने जातिभेद बळावेल असे म्हणणाऱ्यांची भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. आकडे हाती आले की त्यांचे राजकारण होणारच. पण न मोजल्याने रोग बरा होतो, असा अनुभव वैद्यकात नाही आणि समाजकारणातही नाही. १९३१ नंतर अशी गणना झाली नाही, म्हणून जात नाहीशी झाली असे वर उल्लेखिलेल्या एकाही पाहणीत दिसत नाही.

तथापि गणनेकडून फार मोठी अपेक्षा बाळगणेही चूकच. कोणत्या जातीचे किती लोक, त्यांचे शिक्षण किती, हे ती सांगेल. घरमालकाने कोणाला कोणत्या सबबीवर परत पाठवले, सोसायटीच्या कार्यकारिणीत कोणाचे नाव सुचवलेच गेले नाही, घरकामाला येणाऱ्या बाईचा पेला वेगळा का ठेवला जातो, पाणी कोणत्या गल्लीला शेवटी मिळते, हे तिच्या कोष्टकात बसणार नाही. त्यासाठी गावाकडे गावातल्याच माणसाने पाहावे लागते. चापेकरांनी ते एकट्याने केले. आज बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात महाविद्यालये आहेत, शेकडो शिक्षक आहेत, रोज तीन तास गाडीत काढणारे हजारो सुजाण कारकून आहेत. एका वर्गाने एक पाडा, एक रस्ता, चार इमारती घेऊन वर्षभर नोंदी ठेवाव्यात, हे अशक्य कोटीतले नाही. प्रश्नावली साधी असावी, माहिती देणाऱ्याचे नाव उघड होऊ नये, आणि गैरसोयीचे उत्तर गाळण्याचा मोह आवरावा, इतकी पथ्ये पाळली तरी पुरे.

अशा पाहणीतून जे निघेल ते सर्वांना रुचेल असे नाही. चांगल्या शेजाराचे दाखलेही त्यात मिळतील. २६ जुलै २००५ च्या महापुरात किंवा २०१९ च्या जुलैत, बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्याने वेढलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली तेव्हा, मदतीला धावलेल्या हातांची जात कोणी विचारली नाही. संकटात जे सहज जमते ते पाणी ओसरल्यावर का जमू नये, हा प्रश्न मग अधिक तीव्रतेने विचारता येईल. समतेचा हक्क घटनेने दिला; तो जिन्यावर, नळावर आणि भाडेकरारावर उतरला की नाही, हे तपासण्याचे काम नागरिकांचे आहे. ते टाळले, तर शहर वाढेल, लोकसंख्येचा आकडा फुगेल, आणि पाड्यांची सीमा दाराच्या पाटीवरील आडनावांत मुक्काम ठोकून बसेल.