पडदा आहे, निवडणारा हवा

वर्धा शहराला खेटून असलेलं सावंगी (मेघे) बाहेरच्यांना ठाऊक असतं ते मेघे अभिमत विद्यापीठामुळे आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे. गावकरी, परप्रांतांतून आलेले विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक अशी तीन तऱ्हांची माणसं इथे शेजारी-शेजारी राहतात, पण एकत्र बसतात क्वचितच. अशा गावात संस्कृती, संगीत आणि इतिहासावरचे चित्रपट दाखवणारं छोटं सिनेमागृह चालेल का, असं विचारलं की बोलणं लगेच इमारत आणि यंत्र यांवर जातं. माझ्या मते, अडचण तिथे नाहीच. असा सिनेमा उभा राहतो तो चित्रपट निवडणाऱ्या आणि त्यावर बोलणाऱ्या माणसाच्या कामावर.

महाराष्ट्रातल्या जत्रांमधले फिरत्या सिनेमाचे तंबू हे याचं उत्तम उदाहरण. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. जुन्या यंत्रात उजेड पडायचा तो कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीचा. कांड्या जळून आखूड होत, अंतर वाढलं की पडदा मंदावे. म्हणून ऑपरेटरची नजर पडद्यावर आणि हात चक्रीवर. ही हातकारागिरी डिजिटल प्रोजेक्टरने संपवली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात ते स्थित्यंतर नोंदलं गेलं आहे. पण तंबूत दुसरंही एक काम होतं, तंबूमालकाचं: कुठल्या जत्रेला संतपट लावायचा, कुठे तमाशापट, रात्रीच्या शेवटच्या खेळाला काय चालेल, हे ताडणं. हे काम कुठल्याच यंत्राने हातात घेतलेलं नाही. प्रोजेक्टर आज कुठल्याही महाविद्यालयाच्या व्याख्यानकक्षात असतो. नसतो तो हा जाणकार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गावात असले चित्रपट कोण पाहणार? पुराव्यानिशी बघितलं तर हा आक्षेप टिकत नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला, मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. एकाच चित्रपटाने वारकऱ्याला आणि परदेशी परीक्षकाला सारखंच धरून ठेवलं. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात सत्तरच्या दशकात के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने ‘पथेर पांचाली’ आणि ‘राशोमोन’ दाखवले. प्रिंट मिळवून देण्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांचा हात होता. तिथे चित्रपटाआधी कथेची ओळख कन्नडमध्ये करून दिली जाई. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीनेही दाखवण्याइतकंच महत्त्व बोलण्या-लिहिण्याला दिलं. ज्या वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी ऐकली गेली, तिथल्या माणसाला संगीतावरचा चित्रपट परका वाटेल, असं मानणं हा आपलाच आळस आहे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळं खिशात असताना एकत्र कशाला बसायचं? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) घ्या. १९९७चा मुंबईतल्या रमाबाई नगरचा पोलीस गोळीबार, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या आणि दलित शाहिरीची परंपरा, असा तीन तासांहून मोठा ऐवज. मोबाइलवर तो विसाव्या मिनिटाला थांबतो. वस्तीत पडदा लावून दाखवला की शेवटी वाद होतो, आणि त्या वादासाठीच तर असा चित्रपट केलेला असतो. संख्येने हा प्रेक्षक थोडाच असेल, हे खरं. पण वाचनालयाची किंमत आपण रोजच्या गर्दीवरून करत नाही.

कायद्याचा आक्षेप मात्र खरा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातली सवलत शिक्षणसंस्थेला मिळते ती प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुरता असेल तर. दार गावाला उघडलं की हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणजे पत्रव्यवहार, थोडं मानधन आणि हे चिकाटीने करणारं कुणीतरी. पुन्हा माणूसच. गांधींच्या मुलखात सिनेमा कशाला, असंही कुणी म्हणेल. गांधीजींना सिनेमाचं वावडं होतं. १९४४ साली त्यांनी जुहूला ‘रामराज्य’ पाहिला, तो एक दुर्मीळ अपवाद. तरीही त्यांचं चालणं-बोलणं आज दिसतं ते फिल्मवरच. विठ्ठलभाई झवेरींनी जुन्या चित्रणातून केलेला ‘महात्मा’ (१९६८) साडेपाच तासांचा आहे. सेवाग्रामच्या शेजारी तो हप्त्याहप्त्याने दाखवायला महिन्यातला एक ठरलेला वार, सुरुवातीला दहा मिनिटांची ओळख आणि शेवटी अर्धा तास चर्चा एवढं पुरे. इमारतीसाठी निधी मागण्याआधी सावंगीने हे करू शकणारी दोन-तीन माणसं शोधावीत.