हसरा संसार (लेखांक ६) : रुमाल आणि तसबीर

नवऱ्याच्या खिशात लिपस्टिकचा डाग पडलेला रुमाल सापडतो. बायको विचारते, नवरा थाप मारतो, बायकोला ती पटते आणि थिएटर हसतं. १९७८ सालच्या ‘पती पत्नी और वो’ या हिंदी चित्रपटातला हा प्रसंग. या लेखमालेत लग्नावरच्या विनोदी कलाकृती आपण एकेक करून पाहतो आहोत. आज हा चित्रपट आणि त्याच्या शेजारी ठेवायला त्याच्याहून कितीतरी म्हातारं असलेलं एक मराठी नाटक.

दिग्दर्शक बी. आर. चोप्रा. कथा-पटकथा कमलेश्वर यांची. हिंदीतले मोठे कथाकार, आणि या पटकथेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. संगीत रवींद्र जैन यांचं. चित्रपट थेट आदम आणि हव्वापासून सुरू होतो. रणजित म्हणजे आदम, त्याची बायको शारदा म्हणजे हव्वा आणि ऑफिसातली सेक्रेटरी निर्मला म्हणजे सफरचंद. एका जित्याजागत्या मुलीला सुरुवातीलाच फळ करून टाकलं की पुढचं सोपं जातं! रणजित निर्मलेला सांगतो की बायकोला कॅन्सर आहे, ती फार दिवसांची सोबती नाही. निर्मला द्रवते. घरी शारदा ठणठणीत. ती सायकलीवरून पडून प्रेमात पडलेल्या काळापासूनची त्याची हक्काची बायको, मुलाची आई, गरम पोळी वाढणारी. पुढे तिला संशय येतो, ती पाळत ठेवते, फोटो मिळवते आणि पत्रकार असल्याचं सोंग करून थेट निर्मलेला भेटते. ती भेट हा चित्रपटातला सगळ्यात चांगला भाग. दोघी एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या थापा समोरासमोर मांडतात, आणि थोड्या वेळापुरता चित्रपट त्यांचा होतो.

मग तो पुन्हा रणजितच्या ताब्यात जातो. शेवटी निर्मला निघून जाते, नवरा-बायको एक होतात, ऑफिसात नवी सेक्रेटरी येते (ती परवीन बाबी) आणि रणजितची नजर पुन्हा घसरायला लागते. प्रेक्षकांनी हसत घरी जावं अशी सोय. संजीवकुमारनं हे काम इतकं गोड केलंय की त्याचा रागच येत नाही, आणि आज पाहताना नेमकं तेच खटकतं. संजीवकुमारच्या जागी कमी कुवतीचा नट असता तर शारदेचं दुःख आपल्याला दिसलं असतं. विद्या सिन्हानं ते दाखवलंय, पण कॅमेरा तिच्याजवळ फार वेळ थांबत नाही. आणि तो कॅन्सर! ज्या घरात कुणी किमोथेरपीच्या फेऱ्या मोजल्या आहेत त्या घरात या थापेवर आता कोण हसेल?

आता मागे जाऊ. १८९३. गोविंद बल्लाळ देवल यांचं गद्य नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. यालाच पुढे गाण्यांची जोड मिळाली आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. मूळ बीज फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या १६६० च्या प्रहसनातलं, मध्ये आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककारानं १७६१ मध्ये केलेलं रूपांतर, आणि तिथून ते देवलांच्या हाती आलं. पण नाटक वाचताना परकेपणाचा वास कुठंही येत नाही. पात्रांची नावं पंचांग उघडून ठेवल्यासारखी: फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती, नोकर भादव्या.

घोटाळा असा. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. वाटेनं चाललेला फाल्गुनराव तिला सावरतो. घरातून कृत्तिका हे पाहते आणि नवरा बिघडला असं ठरवून टाकते. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर तिथंच पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो आणि बायको बिघडली असं तोही ठरवतो. पुढे तीच तसबीर आश्विनशेठ फाल्गुनरावाच्या हातात बघतो, मग रेवतीवर संशय. चार माणसं, एक तसबीर, आणि वाईट वागलेलं कुणीच नाही.

देवलांकडे ही वस्तू दुसऱ्यांदा आली होती, हे मला फार गमतीचं वाटतं. १८९० मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. त्या गोष्टीतही एक क्षुल्लक वस्तू, एक रुमाल, चुकीच्या हाती जातो, नवऱ्याच्या डोक्यात संशय भिनतो आणि निरपराध बायकोचा जीव जातो. त्यानंतर दोनतीन वर्षांतच त्याच लेखणीतून फाल्गुनराव उतरला. फरक कुठं पडला? ‘झुंझारराव’मध्ये संशय फक्त नवऱ्याला घेण्याची मुभा आहे. ‘संशयकल्लोळ’मध्ये कृत्तिकाही तितक्याच हिरिरीनं संशय घेते, तितकीच चुकते, तितकीच फजित होते. दोघांच्या वेडेपणाचं पारडं सारखं आहे, म्हणून कुणाचा जीव जात नाही आणि हसताना मनात टोचतही नाही.

कायद्याच्या आरशात पाहिलं तर देवलांची ही समता अधिकच उठून दिसते. कृत्तिकेच्या काळात हिंदू पुरुष हवी तितकी लग्नं करू शकत होता. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी आली १९४६ साली, देशभरात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. म्हणजे कृत्तिकेची भीती खुळी नव्हती. फाल्गुनरावानं उद्या दुसरी आणली असती तर तिला दाद मागायला जागा नव्हती. उलट त्याच्या बायकोवर कुणी डोळा ठेवून संबंध केला असता तर १८६० च्या दंड संहितेतलं ४९७ कलम त्याच्या दिमतीला हजर होतं. ते कलम नवऱ्याची फिर्याद ऐकत होतं, बायकोची नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं सप्टेंबर २०१८ मध्ये. याच हिशेबानं रणजितनंही गुन्हा असा काही केलेलाच नव्हता, कारण निर्मला अविवाहित! शारदेला मात्र १९७६ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा दरवाजा बराच रुंद झाला होता. चित्रपट त्या दरवाजापर्यंत जातो आणि माघारी फिरतो.

म्हणून माझं मत असं की ‘पती पत्नी और वो’ जुना झाला आणि त्याच्याहून पंच्याऐंशी वर्षांनी मोठा असलेला फाल्गुनराव झाला नाही. देवलांचंही सगळं आजच्या पचनी पडतं असं नाही. रेवती नायकिणीच्या घरातली, म्हणून तिला आपला चोखपणा इतरांहून जास्त सिद्ध करावा लागतो. तिथं नाटकाचं वय कळतं. पण हशा तिच्या या अडचणीवर उभा नाही. चित्रपटाचा हशा मात्र शारदेला काही माहीत नाही यावरच उभा आहे. तिला कळल्याबरोबर विनोद संपतो. २०१९ मध्ये याच नावानं नवा चित्रपट आला, त्यात बायकोला जास्त तिखट केलं गेलं, यावरून दुखणं कुठं होतं ते करणाऱ्यांनाही कळलं असावं.

आपल्याकडच्या, जळगाव-धुळ्याच्या, भरीत पार्ट्यांमध्येही हा भेद ऐकू येतो. डिसेंबरात शेतात चुलवण पेटलं, वांगी भाजायला टाकली की पुरुषांच्या घोळक्यात बायकांवरचे विनोद निघतात. ‘हिला काही पत्ता नाही’ या जातीचा विनोद तिथंच हसून संपतो, घरी कुणी सांगत नाही. नवरा-बायको दोघांचीही फजिती झाली असा किस्सा मात्र बायका स्वतः लग्नाच्या पंगतीत, वरण-बट्टी वाढता वाढता, तिखटमीठ लावून सांगतात.

‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आलं ऑक्टोबर १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीकडून. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. त्यांना तो प्रयोग पाहता आला नाही. फाल्गुनराव झाले होते गणपतराव बोडस आणि रेवती बालगंधर्व. तो बालगंधर्व आपला. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस; ते लहानपणी काही काळ जळगावात नातेवाइकांकडे राहिले आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे त्यांनी इथंच घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, त्यांच्या नावानं शहरात संगीत महोत्सवही होतो. गाणं जपलं गेलं, ते चांगलंच झालं. पण रेवतीच्या नाटकातला विनोद हा त्या ठेव्याचा दुसरा अर्धा भाग आहे, तो आपण कपाटात ठेवून दिला.

‘पदं म्हणणारी माणसं आता कुठून आणायची’ हे उत्तर हौशी मंडळींकडून मी ऐकलं आहे. त्यावर देवलांनीच तोड काढून ठेवली आहे. त्यांनी हे नाटक आधी गाण्यांशिवाय लिहिलं होतं. ते तसंच करा. लेखक जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे परवानगी नको, मानधनाचा प्रश्न नाही. नेपथ्याला एक रस्ता, एक खिडकी, दोन घरं पुरतात. कृत्तिका आणि रेवती यांच्यासाठी जळगाव-धुळ्यात ताकदीच्या अभिनेत्री आहेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर त्या दरवर्षी दिसतात. जळगावला बालगंधर्व खुलं नाट्यगृह आहे, धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. येत्या हंगामात एखाद्या संस्थेनं ‘फाल्गुनराव’ दोन तासांत बसवावा आणि पहिला प्रयोग जोडप्यांसाठी लावावा, एवढी विनंती.

पुढच्या आठवड्यात आचार्य अत्र्यांचं १९३६ सालचं ‘लग्नाची बेडी’. बहिणाबाईंच्या गाण्यांना प्रस्तावना लिहिणारे तेच अत्रे. नाटकाचं पुस्तक घरात असेल तर वाचून ठेवा.