कादंबरीची लेखनप्रक्रिया : आराखडा, पहिला खर्डा आणि पुनर्लेखन

महाविद्यालयीन अध्यापनात कादंबरीचे कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली यांचे विवेचन होते. ती संहिता कशी घडली, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. परिणामी लिहू इच्छिणारा विद्यार्थी प्रतिभेची वाट पाहत राहतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) सुमारे पंधरवड्यात लिहून झाली, हे वारंवार सांगितले जाते. त्यावरून आराखडा अनावश्यक ठरतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. खेड्यातून पुण्यास शिकावयास येण्याचा अनुभव लेखकाच्या गाठीशी आधीच होता. पांडुरंग सांगवीकराचा सूर सापडल्यावर प्रसंगांची निवड त्या सुरातूनच होऊ शकते. याउलट ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ दीर्घ प्रतीक्षेनंतर २०१० मध्ये प्रकाशित झाली. खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक. मोहेंजोदडोपासून मोरगावापर्यंतचा काळ पेलताना नुसता सूर पुरत नाही, रचनाही उभारावी लागते.

औसा तालुक्यापुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावर लिहू पाहणाऱ्याजवळ सामग्रीची उणीव नाही, उलट तिचा अतिरेकच असतो. कादंबरीचा आरंभ पहाटे ३.५६ वाजता केल्यास गाव वाचकाच्या परिचयाचे होण्यापूर्वीच कोसळते आणि मृत माणसे केवळ आकडा होऊन राहतात. त्यापेक्षा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या घरापासून आरंभ करणे इष्ट. ज्या भिंतींचा कुटुंबाला आधार वाटला त्याच अंगावर आल्या, हे कार्यकारणसूत्र आराखड्याला मिळते; पुढे पुनर्वसित गावातील तुटलेला शेजारही त्यातच बसतो.

पहिला खर्डा न थांबता लिहावा. तपशिलांच्या चुका नंतर दुरुस्त होतात. खरी कसोटी पुनर्लेखनाची. ‘हे प्रत्यक्ष घडले आहे’ एवढ्या कारणावरून प्रसंग ठेवता येत नाही. आणखी एक गोष्ट : त्या रात्री आप्त गमावलेली माणसे आजही याच तालुक्यात राहतात. ओळख पटेल असा तपशील कथानकाला अपरिहार्य नसेल, तर तो गाळलेलाच बरा.

भाषेचा निर्णयही याच टप्प्यावर तपासावा. संवाद लातूरकडच्या बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत ठेवल्यास गावकरी बाहेरून न्याहाळलेला वाटू शकतो. निवेदकच गावातला केल्यास हे अंतर मिटते. मात्र मग त्याला ठाऊक नसलेले शासकीय अहवालातील आकडे खर्ड्यातून काढून टाकावे लागतात.